घरात खाऱ्या पाण्याचा टँक ठेवायचाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात गेली अकरा वर्षं माझा तीन फुटी मरीन टँक आहे. त्यामुळे ओळखीच्यांचे आणि त्यांच्या ओळखीच्यांचे प्रश्न येत राहतात. रविवारी सकाळी जरा जास्तच येतात, कारण शनिवारी संध्याकाळी मंडळी मासे घेऊन घरी आलेली असतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत. जमल्यास मासे आणण्याआधीच्या शनिवारी वाचा.

१. गोड्या पाण्याचा टँक पाच वर्षं सांभाळलाय. खाऱ्याचा खरंच एवढा अवघड असतो का?

अवघड नाही, पण तो चुका पोटात घालत नाही. गप्पी, मोली यांनी डबक्यापासून खाडीपर्यंत सगळं सोसलेलं असतं. प्रवाळाजवळच्या माशाच्या पिढ्यान्‌पिढ्या अशा पाण्यात गेल्यात जिथे खारेपणा आणि तापमान जेमतेम हलतं. तुम्हाला तीन सवयी नव्याने लावाव्या लागतील: मीठ मोजणं, पाणी आदल्या दिवशी तयार करून ठेवणं आणि मासा सगळ्यात शेवटी आणणं. तिसरी लोकांना सर्वात जड जाते.

२. लहान टँकपासून सुरुवात केली तर सोपं जाईल ना?

उलट आहे. दोन बाय एक बाय एक फुटाच्या टँकमध्ये जेमतेम ५६ लिटर पाणी मावतं. एक मासा दगडामागे मेला आणि दिवसभर लक्षात आलं नाही, तर संध्याकाळपर्यंत बाकीचेही धापा टाकू लागतात. तीन बाय दीड बाय दीड फुटात सुमारे १९० लिटर पाणी असतं. तीच चूक तिथे पाणी बदलून निभावते. जागाच नसेल तर दोन बाय दीड बाय दीड, म्हणजे १२७ लिटर. त्याखाली पहिला टँक करू नका. काचेचा गोल बाऊल हा तर विषयच नाही.

३. फ्लॅटच्या स्लॅबला वजन पेलेल का?

तीन फुटी टँक पाणी, काच, दगड, स्टँड धरून ३०० किलोच्या आसपास जातो. राहत्या घराच्या स्लॅबचं डिझाइन भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला साधारण २०० किलो वापरभार धरून करतात, आणि हा टँक अर्ध्या चौरस मीटरपेक्षाही कमी जागेवर उभा असतो. आकडा घाबरवणारा वाटतो, पण भार आजूबाजूला पसरतो. टँक बीमवर किंवा बीमला लागून असलेल्या भिंतीशी ठेवा, खोलीच्या मधोमध नको. बाहेर झुकलेल्या गॅलरीत तर मुळीच नको. चार फुटांच्या पुढे जायचं असेल किंवा इमारत जुनी, लाकडी तुळयांची असेल, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा.

वास्तूप्रमाणे कोणती दिशा, हेही दर महिन्याला कुणीतरी विचारतं. माझ्यापुरती शुभ दिशा म्हणजे जिथे ऊन थेट येत नाही आणि प्लगपॉइंट जवळ आहे ती.

४. पाणी कोणतं वापरू? स्वयंपाकघरातल्या आरओचं चालेल?

बहुतेक वेळा नाही. घरगुती आरओमध्ये टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) कंट्रोलर किंवा मिनरलचं काडतूस असतं; चव यावी म्हणून ते शुद्ध पाण्यात पुन्हा क्षार मिसळतं. चहाला उत्तम, टँकला नाही. आपल्याला आरओनंतर डीआय रेझिनमधून (उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या दाण्यांतून) गेलेलं, टीडीएस शून्य दाखवणारं पाणी हवं. टीडीएस पेन घ्या आणि स्वतः मोजा, विक्रेत्याच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवता येतं. फॉस्फेट आणि नायट्रेट राहतात आणि त्यावर शेवाळ माजतं. बोअरचं आणि टँकरचं पाणी विसराच.

एक आपल्याकडची खास चूक: पाणी ओतायला तांब्याचा तांब्या किंवा पितळी घागर वापरू नका. कोळंबी, गोगलगायी यांना तांब्याचा अंशही सोसत नाही.

५. जाडं मीठ स्वस्त आहे. ते का नको?

कारण ते समुद्राचं असलं तरी समुद्र नव्हे. मिठागरात पाणी आटत जातं तेव्हा कॅल्शियमचे क्षार बरेचसे आधीच खाली बसतात, मग खाण्याचं मीठ धरतं, आणि मॅग्नेशियम शेवटच्या कडवट पाण्यात राहून जातं. आगरी ते पाणी सोडून देतो आणि मीठ ओढतो. म्हणजे पोत्यात येतं ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे १,३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम, ४०० च्या वर कॅल्शियम आणि तितकंच पोटॅशियम असतं. हे सगळं मोजून घातलेलं मरीन सॉल्टच घ्या. लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम लागतं. नेमका आकडा पिशवीवर असतो. आठवड्याला २० लिटर पाणी बदललंत तर महिन्याला तीन किलो धरून चाला.

६. समुद्र घरापासून दहा मिनिटांवर आहे. तिथून कॅन भरून आणू का?

मुंबईच्या किनाऱ्यावरून नको. सांडपाणी, तेल, गाळ सगळं त्यात आहे. कोकणात स्वच्छ किनारा मिळेल, पण पावसाळ्यात नद्या भरून वाहतात आणि किनाऱ्यालगतचा खारेपणा ढासळतो. शिवाय जिवंत पाण्याबरोबर रोगजंतूही येतात. वीस लिटरचे कॅन तिसऱ्या मजल्यावर दोनदा चढवलेत की मरीन सॉल्ट महाग वाटेनासं होतं.

७. खारेपणा किती ठेवायचा आणि कशाने मोजायचा?

विशिष्ट गुरुत्व, म्हणजे साध्या पाण्याच्या तुलनेत घनता, १.०२५ च्या आसपास. १.०२३ ते १.०२६ मध्ये कुठेही मासे खूश असतात, मात्र रोज इकडून तिकडे नको. प्लॅस्टिकच्या काट्याच्या हायड्रोमीटरवर बुडबुडा चिकटला तरी आकडा चुकतो, म्हणून रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून प्रकाश किती वळतो त्यावरून खारेपणा दाखवणारी नळी) घ्या आणि तो ३५ पीपीटीच्या, म्हणजे हजारात ३५ भाग मिठाच्या, प्रमाणित द्रावणाने जुळवा.

इथेच नवशिके फसतात: पाणी उडतं, मीठ उडत नाही. पातळी खाली गेली की खारं पाणी नव्हे, साधं आरओ-डीआय पाणी घालायचं. काचेवर पातळीची खूण म्हणून चिकटपट्टी लावा आणि रोज तिथपर्यंत भरा. खारं पाणी फक्त पाणी बदलताना.

८. कोणती उपकरणं लागतातच, आणि कुठे पैसे वाचवता येतील?

प्रोटीन स्किमर (बुडबुड्यांच्या फेसाबरोबर पाण्यातली घाण बाहेर काढणारं यंत्र), प्रवाहासाठी एकदोन वेव्हमेकर, थर्मामीटर, अमोनिया-नायट्राइट-नायट्रेटची टेस्ट किट आणि वर जाळी. खाली सम्प, म्हणजे उपकरणं ठेवायची जोडटाकी, असेल तर पसारा दिसत नाही, पण तीन फुटीला पाठीला टांगायचा स्किमरही पुरतो. फक्त मासे ठेवायचे असतील तर महागडी लाइट नको. ती प्रवाळासाठी असते. वाचलेले पैसे स्किमरवर घाला. वाळू अॅरागोनाइटची (कॅल्शियम कार्बोनेटची), बांधकामाची नव्हे. दगड सिरॅमिकचे किंवा कोरडे घ्या. कारण प्रश्न १७ मध्ये आहे.

९. उन्हाळ्यात चिलर घ्यावाच लागतो का?

पाणी २४ ते २७ अंशांत हवं. मे महिन्यात ठाण्यात बंद घरात ते ३१-३२ ला पोचतं. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि माशाला तेव्हाच जास्त लागतो. पृष्ठभागावर पंखा मारला तर पाणी दोनतीन अंशांनी उतरतं, पण हे कूलरचंच गणित आहे: नागपूर, पुण्यात झकास चालतं, मुंबई-कोकणच्या दमट हवेत मरगळतं. माझी तीन वर्षं पंख्यावर निघाली, चौथ्या मे महिन्यात चिलर घेतला. तो अनेकदा टँकपेक्षा महाग पडतो आणि स्वतः गरम हवा फेकतो. त्याला बंद कपाटात कोंडू नका.

१०. टँक भरून चार दिवस झाले, पाणी स्वच्छ दिसतंय. आता मासे सोडू?

नाही. स्वच्छ दिसणं म्हणजे तयार असणं नव्हे. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया होतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही विषारी, तिसरं त्या मानाने सौम्य. हे जिवाणू दगडावर आणि वाळूत वसायला चार ते सहा आठवडे लागतात. त्यांना खाद्य म्हणून सोललेल्या कोळंबीचा तुकडा टाका किंवा शुद्ध अमोनियम क्लोराइड वापरा. तेच ते नवसागर, पण कल्हईवाल्याकडचं नको.

अमोनिया २ पीपीएमपर्यंत (लिटरला २ मिलिग्रॅम) नेला आणि २४ तासांत अमोनिया-नायट्राइट दोन्ही शून्य झाले, की जिवाणू वसण्याची ही प्रक्रिया, म्हणजे सायकल, पूर्ण. मग मोठं पाणी बदला आणि पहिला मासा आणा. मध्येच सगळीकडे तपकिरी साय धरेल. ती डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाची असते, घाबरू नका. "सायकलसाठी दोन डॅमसेल टाका" असा सल्ला दुकानात मिळतो. तो ऐकू नका: डॅमसेल हे छोटे, भांडकुदळ मासे; ते हाल सोसतात, आणि जगले तर पुढची पाच वर्षं तुम्हाला छळतात.

११. तीन फुटी टँकमध्ये कोणते मासे एकत्र नांदतील?

सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. यादीआधी कसोटी सांगतो. दोन माशांबद्दल तीन गोष्टी बघा: ते टँकच्या कोणत्या मजल्यावर राहतात, काय खातात आणि एकमेकांसारखे दिसतात का. मरीन मासा परक्याला सहन करतो, भाऊबंदाला नाही. सारखा रंग, सारखा आकार, सारखं खाणं म्हणजे त्याच्या लेखी हा आपली जागा बळकवायला आलेला.

माझ्या पसंतीचा संच असा. ऑसेलारिस क्लाउनची एक जोडी. एक बांगाई कार्डिनल, मधल्या पाण्यात शांत तरंगणारा. एक फायरफिश. एक पिवळा वॉचमन गोबी, तळाला. एक रॉयल ग्रामा, दगडाच्या कपारीत. सर्वात शेवटी हवा असेल तर एकच बुटका एंजल, कोरल ब्युटी. एकूण सात, बस्स.

गोबीबरोबर एक पिस्तूल कोळंबी मिळाली तर घ्याच. तिला जवळजवळ दिसत नाही. ती दिवसभर बीळ उकरत वाळू बाहेर ढकलते आणि एक मिशी सतत गोबीच्या शेपटीला लावून ठेवते. धोका दिसला की गोबी शेपटी थरथरवतो आणि दोघं आत. पाहुणे क्लाउन बघायला येतात आणि या बिळासमोर बसून राहतात.

१२. कोणता मासा आधी सोडायचा, कोणता नंतर?

भित्रे आधी, दांडगे शेवटी. लोकलमध्ये खिडकीशी बसलेला माणूस नंतर चढणाऱ्याकडे जसा बघतो, तसंच इथे आहे. वरच्या यादीत फायरफिश, कार्डिनल, गोबी आधी, मग क्लाउन, मग ग्रामा, एंजल शेवटी. प्रत्येक टप्प्यात दोनतीन आठवड्यांचं अंतर ठेवा, जिवाणूंनाही वाढायला वेळ लागतो. क्रम चुकलाच असेल तर नवा मासा सोडण्याआधी दगडांची मांडणी बदला आणि दिवे बंद ठेवा. जुन्याची हद्दच मोडली की तोही नवखा होतो.

मी एकदा लाडाने काळा, तीन पांढऱ्या ठिपक्यांचा डॉमिनो डॅमसेल आणला होता. नखाएवढा होता. दीड वर्षात तो माझ्या हातालाही चावायचा. त्याला पकडण्यासाठी सगळे दगड बाहेर काढावे लागले.

१३. मुलीला निमो आणि डोरी दोघंही हवेत. चालेल?

निमो म्हणजे क्लाउन. दोघं एकमेकांशी भांडत नाहीत, पण जागेची अडचण आहे. डोरी म्हणजे निळा टँग ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि सतत पोहणारा आहे. त्याला सहा फुटी टँक लागतो. दुकानात तो दोन इंचाचा असतो आणि "टँकच्या मापाने वाढतो" असं सांगतात. माप नव्हे, तब्येत खुरटते. शिवाय टँगना पांढऱ्या ठिपक्यांचा रोग चटकन धरतो (प्रश्न १६). मुलीला निमोची जोडी द्या, डोरी भिंतीवर रंगवा.

१४. क्लाउनची जोडी कशी ओळखायची? आणि अॅनिमोनी लागतेच ना?

सगळे क्लाउन नर म्हणून वाढतात आणि गटातला सर्वात दांडगा मादी होतो. म्हणून एक मोठा, एक लहान असे दोन घ्या. मोठी ती मादी होईल. सारख्या मापाचे घेतलेत तर मोठं कोण हे ठरेपर्यंत मारामारी होते. लहान मासा अंगाला थरथरवून शरणागती दाखवतो. लोक त्याला फिट आली समजतात. एक मादी मेली तर नर मादी होतो, मग त्याला आणखी लहान जोडीदार आणायचा. तीन मात्र कधीच नको, तिसऱ्याचा जीव जातो.

अॅनिमोनी, म्हणजे क्लाउन जिच्या शुंडकांत राहतो तो फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी, लागत नाही. टाकीत जन्मलेल्या क्लाउनने ती पाहिलेलीही नसते. तिला प्रखर प्रकाश आणि मुरलेला टँक लागतो, ती चालते, आणि एखाद्या रात्री पंपात जाऊन तिचा कीस झाला की सगळं पाणी नासतं. पहिलं वर्ष नकोच. क्लाउन घेताना मात्र टाकीत पैदास झालेलेच मागा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने हे तंत्र आपल्याकडे केव्हाच बसवलंय, त्यामुळे समुद्रातून धरलेला घेण्याचं कारण उरत नाही.

१५. दुकानात छान दिसतात पण घेऊ नयेत, असे मासे कोणते?

मँडरिन: दिसायला पैठणी, पण दिवसभर कोपेपॉड नावाचे बारीक जिवंत कवचधारी जीव टिपतो आणि नव्या टँकमध्ये उपाशी मरतो. क्लीनर रास आणि मूरिश आयडल: तीच गत. लायनफिश: तोंडात मावेल ते गिळतो, काटे विषारी. ट्रिगर: कोळंबी, गोगलगायी, शेजारी, वायर, काहीही कुरतडतो. बटरफ्लाय: बहुतेक जाती खाण्याच्या बाबतीत हट्टी.

कोणताही मासा घेताना दुकानदाराला तुमच्यासमोर खायला घालायला सांगा. जो खात नाही, तो घ्यायचा नाही. "आजच आलाय, उद्या खाईल" म्हणाले तर तुम्हीही उद्याच या.

१६. क्लाउनच्या अंगावर मिठाचे कण चिकटल्यासारखे ठिपके आलेत. औषध टाकू?

टँकमध्ये नाही. हा बहुधा मरीन इक, क्रिप्टोकॅरिऑन नावाचा परजीवी. त्याच्यावर तांब्याचं औषध चालतं, पण ते कोळंबी-गोगलगायी मारतं आणि दगडात मुरून बसतं. ३०-४० लिटरच्या प्लॅस्टिक टबात स्पंज फिल्टर आणि लपायला पीव्हीसी पाइपचा तुकडा टाका, सगळे मासे तिथे हलवा आणि औषध तिथे, तांब्याची टेस्ट किट वापरून. मुख्य टँक सुमारे अडीच महिने माशांविना ठेवा. परजीवीला मासा मिळाला नाही की त्याचं चक्र तुटतं. चार दिवसांत ठिपके आपोआप गेले म्हणजे बरं झालं असं नाही. परजीवी माशावरून उतरून वाळूत वाढतोय.

ठिपके पिठीसारखे बारीक असतील आणि मासा धापा टाकत असेल तर तो वेल्वेट, दुसऱ्या एका परजीवीचा रोग. तिथे उद्यापर्यंत थांबायला वेळ नसतो.

हे सगळं टाळायचं तर नवा मासा आधी चार आठवडे याच टबात ठेवा. मी हे तीन वर्षं ऐकलं आणि केलं नाही. एका नव्या टँगने सहा मासे घालवले, तेव्हापासून करतो.

१७. मालवणला प्रवाळाचा सुंदर तुकडा मिळाला. आणि समुद्रघोडा पाळता येईल का?

तुकडा तिथेच ठेवा. कठीण प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्या २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे वाघाच्या रांगेत. मेलेला, वाळलेला तुकडाही त्यात येतो. मालवणचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथून शिंपलाही उचलू नये. म्हणूनच समुद्रातला लाइव्ह रॉक, जो मुळात प्रवाळाचा सांगाडाच असतो, न घेता सिरॅमिकचा घ्या असं प्रश्न ८ मध्ये म्हटलं. कुणी "कागद नंतर देतो" म्हणत समुद्रघोडा विकत असेल तर दुकानातून बाहेर पडा.

१८. घरी शाकाहार आहे. फ्रीजमध्ये कोळंबी ठेवू देणार नाहीत. मग?

क्लाउन, ग्रामा, कार्डिनल चांगल्या गोळी-खाद्यावर व्यवस्थित जगतात. त्या डब्यात मासळीची पूड असतेच, पण ती फ्रीजमध्ये जात नाही. घरोघरी तह तिथे होतो. मांसाहारी घर असेल तर ताजी कोळंबी सोलून, धुऊन, बारीक चिरून गोठवा. बांगडा, तारली नको. तेलकट मासळीने पाण्यावर तवंग येतो. दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच घाला.

१९. गणपतीला दहा दिवस गावी जातो. टँकचं काय?

धष्टपुष्ट मासे तीनचार दिवस उपाशी राहू शकतात, दहा दिवस ठेवू नका. शेजाऱ्यांना खाद्याचा डबा देऊन जाणं हा सर्वात धोकादायक उपाय, कारण प्रेमाने ते मूठभर घालतात. आजोबांच्या गोळ्यांची वारांची डबी असते ना, तशा दोन डब्या घ्या. प्रत्येक वाराच्या खणात एका दिवसाचं मोजून भरा आणि मूळ डबा कपाटात कुलपात. साधं पाणी कुठपर्यंत भरायचं ते चिकटपट्टीवर दिसतंच (प्रश्न ७). वीज जाण्याची भीती असेल तर एक वेव्हमेकर इन्व्हर्टरवर, निदान बॅटरीवर चालणारा एअरपंप. निघण्याच्या आठवड्यात नवा मासा किंवा नवं उपकरण आणू नका.

२०. सोसायटीत पेस्ट कंट्रोल आहे. टँक झाकला की पुरेल?

नुसता झाकून नाही. झुरळांवर फवारतात ती बहुतेक औषधं माशांना आणि त्याहून जास्त कोळंबीला घातक असतात, आणि एअरपंप व स्किमर खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात घालतात. माझ्या घरी चादर टाकली होती. स्किमर चालूच राहिला. संध्याकाळी पिस्तूल कोळंबी बिळाच्या तोंडाशी उलटी पडलेली, आणि गोबी तिच्याशेजारी तसाच बसलेला. आता त्या खोलीत फवारणी करूच देत नाही, जेलचे ठिपके लावून घेतो. रंगकाम, डासांचे स्प्रे, बंद खोलीतला धूप यांनाही हीच सावधगिरी.

२१. बदली झाली, टँक बंद करायचाय. मासे समुद्रात सोडले तर पुण्यच ना?

नाही. रॉयल ग्रामा कॅरिबियनचा, बांगाई कार्डिनल इंडोनेशियातल्या एका छोट्या द्वीपसमूहाचा. दादरच्या किनाऱ्यावर ते दोघंही परके. आपल्याकडच्या जातीचा मासाही टाकीतले रोग घेऊन जातो. आपल्या बाजूच्या महासागरांतला लायनफिश १९८५ मध्ये फ्लोरिडाजवळ पहिल्यांदा दिसला. आज कॅरिबियनभर त्याने उच्छाद मांडलाय, आणि सुरुवात टाकीतून सोडलेल्या माशांपासून झाल्याचं मानतात. मासे दुसऱ्या हौशी माणसाला द्या किंवा दुकानात परत करा. जिवाणू मुरलेले दगडही ओले ठेवून त्याच माणसाला द्या. त्याचे सायकलचे सहा आठवडे वाचतील.